राखण ज्याची

तो फोटो मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून काढला होता. जानेवारीतली सकाळ, सव्वासात वाजलेले. फोटोत सदूकाका पाठमोरे उभे आहेत. कमरेच्या आकडीला कोयती, हातात माडाच्या झापाची पेटती चूड, आणि पायांपाशी वाळलेल्या गवताची एक लांब ओळ जळते आहे. धूर सरळ वर न जाता आमच्या क्वार्टर्सकडे वळलेला दिसतो. फोटो इतका स्पष्ट आला नसता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

तेव्हा आतल्या खोलीत मनस्वी खोकत होती. माझी मुलगी, पाच वर्षांची, तिला बालदमा आहे. मी एक वही ठेवली होती. कोणत्या दिवशी किती वाजता खोकली, काय खाल्लं होतं, वारा कुठून होता, सगळं तिच्यात. माझा नवरा दीपक त्या वहीला हवामान खातं म्हणायचा. "काय, आज काय अंदाज?" असं विचारून चप्पल घालून शिकवायला निघून जायचा. रात्री उठून तिच्या पाठीला कान लावून बसायचं ते मीच.

दीपक ज्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवतो ते रत्नागिरीच्या दक्षिणेला, सड्यावर आहे. खासगी, नवं. त्याची नेमणूक दरवर्षी मे महिन्यात नव्याने होते. कुंपणापलीकडे समुद्रापर्यंत नुसता कातळ. पावसात त्यावर कमरेएवढं गवत येतं आणि दिवाळी झाली की ते वाळून पिवळं पडतं. आमच्या क्वार्टर्सच्या मागे, कुंपणाच्या आत, राखणीला असलेल्या सदूकाकांची झाडं होती. कागदावर ती विद्यापीठाची. पाच वर्षांपूर्वी वसुंधरा दिनाला पाहुण्यांनी लावलेली. पाहुण्यांच्या नावांची पाटीही होती. पण कातळ फोडून खड्डे पाडले काकांनी, खालच्या वाडीतून माती आणून भरली काकांनी, आणि पहिली दोन वर्षं पाणीही त्यांनीच वाहिलं. तीनशे बारा झाडं. सुरंगी, रातांबे, ओवळं, जांभळं. त्यातली सुरंगी त्यांच्या विशेष लाडाची. मनस्वीला खांद्यावर घेऊन एकेका झाडापुढे नेत आणि सांगत, "ही फुलली ना बाय, की पयला वळेसर तुझ्या केसात. आवशीला द्यायचा नाय."

मला ते आवडायचं. पण त्यांच्या सदऱ्याला विडीचा वास येतो का, हेही मी बघून घेत असे.

तर फोटो. त्या सकाळी मनस्वीला दोनदा पंप द्यावा लागला. मी फोटो जोडून अर्ज लिहिला आणि क्वार्टर्समधल्या आठ घरांतून सह्या आणल्या. नववी माझी, पण कागदावर सगळ्यांत वर. पर्यावरण समितीच्या मालिनी मॅडमना तो अर्ज इतका आवडला की त्या स्वतः माझ्याकडे चहाला आल्या. बाई मनाने चांगल्या आहेत, हे सांगायला हवं. विद्यापीठाला 'हरित परिसर' म्हणून मानांकन मिळावं यासाठी त्यांची धडपड चालली होती. "अगं, हे आमच्या डोक्यात यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "धूरमुक्त परिसर! आपल्या अहवालात एक वेगळं पान होईल." आठवड्यात फाटकावर फलक लागला : परिसरात कोणत्याही कारणासाठी आग लावण्यास सक्त मनाई आहे.

फलक लागला त्याच दिवशी सदूकाका दारात आले.

"ताईनू, वाईच बोलायचं व्हतं."

"या ना काका. आत या."

ते आत आले नाहीत, पायरीवरच उकिडवे बसले. "पट्टा अर्धाच झालाय. सड्याच्या अंगाचा ऱ्हायलाय. सायबाने बंद करा सांगितलान."

"हो. मुलांना त्रास होतो हो धुराचा."

"व्हतो ना. व्हयलच. म्हणून म्हणतो, दोन सकाळी द्या मला. दव असताना जाळतो, आठाच्या आत इझवतो. पोरीला दोन दिस आमच्या घरी काशीकडे ठेवा. खाली धूर येत नाय. भाकरी खाईल, कोंबड्यांच्या मागं धावेल."

"कोंबड्यांच्या पिसांनीही तिला होतं, काका."

"मग कोंबड्या हिकडं आणतो नि पोरीला तकडं नेतो," ते म्हणाले आणि हसले.

मी हसले नाही. "नुसतं कापून नाही का टाकता येत गवत?"

"कापतो की. पण खुंट ऱ्हातो, पाला ऱ्हातो. वारा ठिणगी आणतो ती त्याच्यात पडते. जळलेल्या जागेत पडली तर मरते. सड्यावरनं वणवा दरसाल येतो, ताई. आजवर तुमच्या कुंपणाशी येऊन बसलाय तो पट्ट्यामुळं."

"काका, आग ती आग."

ते जमिनीवरचं एक पान उचलून त्याची घडी करत बसले. मग म्हणाले, "सायेब बोललान, तक्रारवाल्या मॅडमची हरकत नसंल तर बघू. म्हणून आलो."

म्हणजे माझ्या एका शब्दावर होतं. हे मला तेव्हाही कळलं होतं, मागाहून सुचलेलं नाही. आत मनस्वी झोपली होती आणि तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. मी म्हटलं, "नाही काका. माझी हरकत आहे."

"बरं," ते म्हणाले. उठले, पायरीवर पडलेला पानाचा चुरा हाताने गोळा केला आणि गेले. राग नाही, काही नाही. पुढचे पंधरा दिवस ते एकटेच कुंपणाबाहेर विळ्याने गवत कापताना दिसायचे. सड्यावरचं गवत एका माणसाला कुठे सरणार?

फेब्रुवारी, मार्च मनस्वी छान राहिली. वहीची पानं कोरी गेली. पाडव्याला आम्ही पहिल्यांदा गुढी खिडकीत उभारली, कारण खिडक्या उघड्या ठेवायला आता मला भीती वाटत नव्हती. दीपक म्हणाला, "तुझ्या अर्जाने काम केलं बुवा." मी खूश झाले. ते लपवून काय करू.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, दुपारी अडीचला वणवा आला. कुठून पेटला ते अजून कोणाला ठाऊक नाही. रस्त्याकडून कोणी विडी टाकली असेल, कोणी करवंदीची जाळी साफ करायला पेटवली असेल. समुद्रावरून वारा सुटला होता. आधी वास आला, मग आवाज. आगीला एवढा आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. कोणीतरी वाळके तांदूळ सुपात जोरजोराने पाखडतंय, तसा.

मी खिडक्या लावल्या, पंप घेतला, मनस्वीच्या नाकातोंडावर ओली ओढणी बांधली आणि फाटकाकडे धावले. तिथे मुलांना खाली सोडणारी बस उभी होती. बस वळली तेव्हा खिडकीतून मागचा भाग दिसला. सदूकाका कुंपणाच्या आत उभे राहून ओल्या टहाळ्याने आग झोडत होते. टहाळा जळला की फेकत, दुसरा घेत. चार-पाच विद्यार्थीही पोचले होते, पण ते लांबून बादल्यांनी पाणी मारत होते. जवळ ते एकटेच.

"आई, काका आग लावतायत?" मनस्वीने विचारलं. फोटो तिने पाहिला होता ना.

"नाही गं. विझवतायत."

"मग तेव्हा काय करत होते?"

मी तिची ओढणी नीट केली.

दुसऱ्या दिवशी परत आलो. सगळं काळं. झाडं उभी होती, पण जळक्या काड्या रोवाव्यात तशी. क्वार्टर्सना काही झालं नव्हतं, चिऱ्याच्या भिंती नुसत्या काळवंडल्या होत्या. घरात धुराचा वास चार दिवस राहिला. त्या चार दिवसांत मनस्वी एकदाही खोकली नाही.

शुक्रवारी मालिनी मॅडमचा फोन. "नीरजा, तुझा तो फोटो उपयोगी पडला गं."

"कशाला?"

"चौकशीला. कुलसचिवांनी समिती नेमली होती ना. सदूला जाळायची सवयच होती, हे त्या फोटोवरून सिद्धच होतं. आणि आता तर त्याने कबूलही केलंय. लेखी. मला खरंच वाटलं नव्हतं त्याने असं केलं असेल."

"काय कबूल केलंय?"

"आग त्याचीच म्हणून. कामावरून काढलंय त्याला."

मी मनस्वीला शेजारी ठेवलं आणि उतरून खालच्या वाडीत गेले. काकांचं घर मी तीन वर्षांत पहिल्यांदाच बघत होते. पडवीत ते खाटेवर बसले होते. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या कापडात, मांडीवर ठेवलेले, जणू दुसऱ्या कोणाचे हात सांभाळायला दिलेत. काशीकाकी त्यांना पेज भरवत होती. मला बघून तिने वाटी खाली ठेवली.

"या. फोटोवाल्या ताई ना तुम्ही? आज मोबाइल आणलाव का? ह्यांच्या हातांचापण काढा येक."

"काशे," काका म्हणाले.

"काय काशे? मी काय खोटं बोलतंय?"

मी खाली बसले. "काका, तुम्ही आग लावल्याचं लिहून दिलंत?"

"मी? कधी?"

"चौकशीत. तुमची सही आहे म्हणतात."

"सही नाय, अंगठा घेतलानी. हात बांधलेले ना, म्हणून डाव्या पायाचा," ते म्हणाले, आणि एवढ्यातही त्यांना त्याची गंमत वाटत होती. "घाटावरचे सायेब व्हते दोघं. त्यांनी इचारलं, आग कोणाची? मी सांगितलं, माझी."

"पण तुम्ही लावली नव्हतीत!"

"लावली कशाला म्हणू? लावली कोणी, असं इचारलंच नाय त्यांनी. कोणाची, म्हणून इचारलं. राखण कोणाची तकडं? माझी. मग आग दुसऱ्या कोणाची सांगू?"

मला ते बसल्याजागी कळलं. मी रत्नागिरीतलीच. माझे आजोबा आंब्याच्या बागेत राखणीला माणूस ठेवत. माकडांनी आंबे नासले तर तो माणूस 'माकडांनी खाल्ले' असं म्हणत नसे. 'माझे सव्वाशे गेले' म्हणायचा. ज्याची राखण, नुकसान त्याचं. आमच्याकडे हे कोणी कोणाला शिकवत नाही. घाटावरच्या साहेबांनी मात्र ऐकलं तेच लिहिलं, आणि टंकलेखन करणाऱ्याने ते नीट, सरळ मराठीत आणलं : आग मी लावली.

"काका, तुम्ही परत जाऊन सांगा. मी येते बरोबर. तुम्ही माझ्याकडे आला होतात, मी नाही म्हटलं, हे मी सांगते."

"तुम्ही सांगा हवं तर. खरं हाय ते. पण मी काय सांगू? आग माझी नाय? मग पाच वरसं काय बसायला जात व्हतो तकडं?"

काशीकाकीने वाटी उचलली. "खा आता. गार झाली."

रात्री जेवताना दीपकला सांगितलं. तो बराच वेळ ताटातला भात चिवडत राहिला. "मे तोंडावर आलाय, नीरजा," एवढंच म्हणाला. जाऊ नको असंही म्हणाला नाही.

सोमवारी मी कुलसचिवांकडे गेले. सगळं क्रमाने सांगितलं. अर्ज, फलक, पायरीवरचं बोलणं. 'आग कोणाची' याचा अर्थ सांगायला लागले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, भाषेच्या बारकाव्यात आपण नको जाऊ या. बावीस तारखेला मानांकनाची समिती येतेय. तुम्ही लेखी द्या, फाइलला लावू." मी लेखी दिलं. ते फाइलला लागलं.

बावीसला वसुंधरा दिन झाला. मांडव घातला होता. जळालेल्या भागात मुलांनी तांबडी माती पसरून, जुन्याच खड्ड्यांत नवी रोपं लावली. काकांनी फोडलेले खड्डे, त्यामुळे काम भरभर उरकलं. मुलं मनापासून राबत होती. त्यांचा काही दोष नाही. एक मुलगी रोपाशी वाकून त्याच्याशी बोलत होती, ते बघून मला तिथे उभं राहवेना.

मग माझं नाव पुकारलं. धूरमुक्त परिसर या संकल्पनेसाठी शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र. मी शाल घेतली नाही. ध्वनिक्षेपक मागितला. काय बोलायचं ते चार दिवस पाठ केलं होतं, ते सगळं विसरले. म्हटलं, "ही झाडं सदूकाकांनी वाचवली होती. या वर्षी ती मी वाचवू दिली नाहीत. ते पट्टा जाळायला परवानगी मागायला माझ्या दारात आले होते. मी नाही म्हटलं. वणवा त्यांनी लावला नाही. कागदावर जे लिहिलंय ते चूक आहे." पहिल्या रांगेत दीपक होता, मनस्वीला मांडीवर घेऊन. त्याने तिचे कान झाकले नाहीत, माझ्याकडेच बघत होता. तेवढं मला पुरलं.

मालिनी मॅडमनी माझ्या हातातून ध्वनिक्षेपक घेतला. त्यांचेही डोळे भरले होते. "आई आहे ती, भावनिक झाली," म्हणाल्या, आणि पुढचं नाव वाचलं.

पण चार दिवसांनी त्याच माझ्या घरी आल्या. हातात लिफाफा. "मी भांडले गं त्यांच्याशी," खुर्चीत बसत म्हणाल्या. "सहानुभूतीपूर्वक विचार करून सदूला परत घेतायत. तूच नेऊन दे." त्यांनी माझा हात दाबला. मी तिथेच रडले. त्या दिवशी मला वाटलं, निदान माणूस तरी परत येतोय.

निघण्याआधी मी मागे जाऊन झाडं मोजली. नव्या रोपांतून वाट काढत, जुन्या एकेका बुंध्याशी बसून, नखाने साल खरवडून. बुडाशी कोंब फुटलेली एकोणीस सापडली. पुन्हा मोजली. एकोणीसच. हे काकांना सांगायचं म्हणून मी जवळजवळ धावतच वाडीत उतरले.

हातांची कापडं निघाली होती. कातडी गुलाबी, ताणलेली, आणि बोटं आत वळलेली. ती सरळ होणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी पत्र वाचून दाखवलं. 'सदर कर्मचाऱ्याकडून घडलेली चूक माफ करून' असं त्यात होतं. वाचताना ते शब्द मी गाळणार होते. तेवढं धाडस झालं नाही.

"माफ केलानी?" काका म्हणाले.

"ते असं लिहायची पद्धत असते, काका."

"नाय, बरं केलानी." त्यांनी सड्याकडे मान वळवली. "जगली का काय?"

"एकोणीस."

"सुरंगी?"

मी सांगायला नको होतं. "नाही. सुरंगी एकही नाही. रातांबे अकरा, जांभळं सात, एक ओवळ."

त्यांनी मान हलवली, एखाद्या घरी कोणी गेल्याचं ऐकावं तशी. "कोंबांना पाणी बुडात घालू नका, सांगा त्यांना. हातभर लांब घाला. नि नवी रोपं त्याच खड्ड्यांत लावलीत ना? मग जुन्या मुळांना जागा ऱ्हायली नाय. काढा म्हणावं ती."

"तुम्हीच सांगा ना येऊन. सोमवारपासून यायचंय."

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे केले. दाखवायला नव्हे, नुसते केले. उजव्या हाताची बोटं मिटायला गेले, ती अर्ध्यावर थांबली. "विळा ऱ्हात नाय हातात," ते म्हणाले. "राखण कशी घेऊ? घेतली नि पुन्ना गेलं तर कोणाला तोंड दाखवू?" आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी पत्र खाटेच्या कोपऱ्यावर ठेवलं आणि बाहेर आले. काशीकाकी माझ्यामागून अंगणापर्यंत आली. मला वाटलं, आता बोलेल, शिव्या देईल. द्याव्यात असं वाटत होतं. तिने माझ्या दंडाला धरलं, माझी आई धरायची तसं.

"तू लोकांच्यात बोललीस, ते आमाला कळलं. पोरगी तुझी बरी हाय ना?"

"हो."

"बरी ऱ्हावंदे. येक सांगू? राग धरू नको गो. आता येऊ नको हिकडं. मागं तू येऊन गेलीस नि ह्यो दोन दिस बोलला नाय. कालपर्यंत वाईच बोलायला लागला व्हता."

मी बरं म्हटलं. सड्यावर जाणारी पायवाट तिच्या अंगणातूनच जाते. दुसरी वाट नाही. तिने फाटकाचा बांबू बाजूला केला, मी बाहेर पडल्यावर पुन्हा आडवा लावला, आणि मी चढायला लागले.